त्रेसष्ट दातांचं चाक

बाबालाल मुजावर गेले, त्याला दीड वर्ष झालं
तेव्हा शमशादनं लेथ विकायला काढला.
उद्यमनगरात भंगारवाला किलोवर भाव सांगत होता,
मी तिथं पंख्याचा बुश शोधत उभा.
"किलोवर नका देऊ," एवढंच बोललो.
एवढं बोलणं पुरलं.

मंगळवार पेठेतल्या बोळात टेम्पो शिरेना.
तालमीतली सात पोरं, दोन पहारी, पाईपचे तुकडे.
"सर, हा गडी पाठ टेकू देईना!"
पैसे कुणी घेतले नाहीत,
गंगावेशीत दूध पाजावं लागलं,
धारोष्ण, माणशी लिटरभर.

मी गणिताचा मास्तर. पाचवी ते सातवी, चौतीस वर्षं.
हाताला खडूची सवय, ग्रीसची नाही.
डिझेल, वायर-ब्रश, जुनी बनियनं.
हिरव्या रंगाखाली राखाडी,
राखाडीखाली पुराच्या गाळाची एक पिवळी रेघ,
त्याखाली ओतकाम, त्यावर नाव होतं,
आता नुसतं 'आणि सन्स' उरलंय.
कुणाचे सन्स, ते झिजलं.

डायल गेज फिरवला बेडवरून.
चकाजवळ नऊ इंचांत काटा चार थाऊ खाली गेला.
सगळ्या गावाची कामं त्या नऊ इंचांत:
पंपाचे शाफ्ट, चरकाच्या पिना,
कुणाच्या बुलेटचा कुठलासा बुश.
आणि पलीकडच्या टोकाला, जिथं लांब काम कधी आलंच नाही,
कारखान्यात कुणीतरी हातानं खरडलेल्या खुणा
जशाच्या तशा, माशाच्या खवल्यांसारख्या.
मी बराच वेळ तिथं बोट फिरवत बसलो.
अपूर्णांक, त्रैराशिक, सरळव्याज.
माझंही पलीकडचं टोक असंच कोरं असणार.

खरडायचं कसं ते शिकलो.
निळा लावायचा, पट्टी घासायची,
निळा उठेल तो ठिपका उंच, तो खरडायचा.
पुन्हा निळा.
खोल गेलेलं भरून काढता येत नाही,
बाकीच्यांनाच त्याच्यापर्यंत खाली यावं लागतं.
हे कळलं त्या रात्री बेडला हात लावायचा नाही असं ठरवलं.
क्रॉस-स्लाईड तेवढी केली, नोव्हेंबर ते मार्च.
बेडचे चार थाऊ लक्षात ठेवले.
मास्तर आहे, वजाबाकी येते.

चेंज-गिअर डालडाच्या डब्यात होते.
वीस, पंचवीस, तीस, असे मोजत गेलो,
त्रेसष्टचं चाक नव्हतं.
लीड-स्क्रू इंचातला; त्रेसष्टशिवाय
मिलिमीटरचे आटे पडत नाहीत.
त्रेसष्टनंही अगदी बरोबर पडत नाहीत,
पण नट बसतो. नटाला तेवढं पुरतं.

मे महिन्यात शमशाद पिशवी घेऊन आली.
"हे तुमचं राहिलं हुतं बघा. मशीनच्या पायाखाली."
पुरानंतर शिवणखोलीची फरशी खचली,
तेव्हा अब्बांनीच सरकवलं होतं.
"आणि आटे पाडायचे असले की?"
"काढून न्यायचे. तवर मी काजं-बटनं करायची."
"आता?"
"आता डुलती. चालतंय, कापडाला काय कळतंय."

ती चहा पीत होती तेव्हा मी चाकाची जाडी मोजली.
मग ओतीव लोखंडाचा एक तुकडा चकात धरला,
आणि लेथ पहिल्यांदा सुरू केला.
काळा बुरा उडाला, नाकात गेला.
आवाज बदलला तशी शमशाद कप ठेवून दारात आली,
काही बोलली नाही.
मी वजाबाकी विसरलो. चकती कडेला जराशी निमुळती झाली.

सूतभर जाड ठेवली, फरशी अजून खचेल म्हणून.
तिनं ती तळव्यावर घेतली, गरम होती,
पदरात धरून उलटी-सुलटी केली.
"ह्याला दात न्हाईत."
"नाहीत," म्हटलं.
"मग मधेच काढून न्यायला यायचं न्हाई कुणी,"
ती म्हणाली, आणि रिकाम्या पिशवीत
चकती टाकून बोळातून गेली.